खाणकामातील पारायुक्त कचरा

पारा, सोने, जस्त इ. धातूंची खनिजे काढताना व शुद्ध करताना उरणारा, पाऱ्याचा अंश असलेला घन, द्रव व वायुरूप टाकाऊ माल. पारा मूलद्रव्य असल्याने जाळून नष्ट होत नाही, त्याची फक्त वाफ होते. म्हणून या कचऱ्याची विल्हेवाट लावणे म्हणजे त्यातील पारा कायमचा बंदिस्त करणे होय.

उगम : हिंगूळ हे पाऱ्याचे प्रमुख खनिज. ते भाजून निघालेली वाफ थंड केली की पारा मिळतो. भट्टीतील काजळी व भाजलेल्या खडकाचे ढीग मागे राहतात. सोन्याच्या लहान खाणींत दळलेल्या खनिजात पारा मिसळून पारदमेल (पारा व सोने यांचा मिश्रधातू) करतात व तो तापवून पारा उडवतात. जस्ताच्या आणि सोन्याच्या काही मोठ्या कारखान्यांत पारा मूळ खनिजातूनच येतो व धूर शुद्ध करताना वेगळा होतो.

धोका : पाऱ्याची वाफ साध्या तापमानालाही होत राहते व ती श्वासावाटे शरीरात जाते. पाण्यातल्या गाळात जीवाणू पाऱ्यापासून मिथिल मर्क्युरी हे विषारी संयुग बनवतात आणि ते माशांत साठते. जून २००० मध्ये पेरूतील यानाकोचा सोन्याच्या खाणीतून निघालेल्या ट्रकमधून सुमारे १५० किग्रॅ. पारा चोरोपाम्पा परिसरातील रस्त्यावर सांडला. चकाकणारे थेंब गावकऱ्यांनी हातांनी गोळा करून घरी नेले आणि शेकडो जणांना विषबाधा झाली.

नियम : पाऱ्याविषयीचा मिनामाता हा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये स्वीकारला गेला व १६ ऑगस्ट २०१७ रोजी अंमलात आला, भारताने तो २०१८ मध्ये अनुसमर्थित केला. त्यानुसार नव्या पारा-खाणींना बंदी असून चालू खाणी, करार त्या देशाला लागू झाल्यापासून १५ वर्षांत बंद करायच्या आहेत. सोन्याच्या लहान खाणींत उघड्यावर पारदमेल जाळणे आणि पारायुक्त गाळातला पारा न काढताच सोने मिळवण्यासाठी त्याला सायनाइड लावणे, या पद्धती थांबवण्यासाठी देशांनी उपाय योजायचे आहेत. मात्र पाऱ्याखेरीज अन्य धातूंच्या खाणींतील टाकाऊ खडक व गाळ, त्यांतील पारा ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तरच, करारातील कचऱ्याच्या कलमाखाली येतो. यूरोपीय संघाने मार्च २०११ पासून पाऱ्याची निर्यात थांबवली. तेथे पारा-कचरा कायमचा पुरण्यापूर्वी पाऱ्याचे सल्फाइडात रूपांतर करणे बंधनकारक आहे. जमिनीवरील साठ्यासाठी ते घट्ट गोळ्यासारखेही करावे लागते. एरवी मिठाच्या खाणी किंवा खोलवरचा कठीण खडक वापरतात.

प्रक्रिया : पाऱ्याची गंधकाशी अभिक्रिया घडवली की हिंगुळाचेच संघटन असलेले, पाण्यात जवळजवळ अविद्राव्य सल्फाइड तयार होते. जुने ढीग जागेवरच झाकण्याचे उदाहरण म्हणजे स्पेनमधील आल्मादेन ही पाऱ्याची खाण; ती सुमारे दोन हजार वर्षे चालली. तेथील उत्पादन २१व्या शतकाच्या आरंभी थांबले. तेथे जुन्या टाकाऊ ढिगावर जलरोधक आच्छादन व माती घालून झाडोरा लावण्यात आला. असे आच्छादन झिजते, तडकते. त्यामुळे खाण बंद झाल्यावरही ढिगातून झिरपणाऱ्या पाण्याची तपासणी चालू ठेवावी लागते.