खजाना विहिरीच्या पायऱ्या उतरताना

सन 1585चा भाद्रपद. मुर्तजा निजामशाहाची अमदानी. बीडच्या दक्षिणेला त्याचा सरदार सलाबतखान यानं बांधवून घेतलेली खजाना विहीर अजून नव्या चुन्याचा वास सोडते आहे. तुम्ही पायऱ्या उतरून घागर बुडवायला वाकता आणि समोर पाण्याबाहेर आलेले दोन फुगीर डोळे दिसतात. बाकी सारा देह पाण्यात लोंबतो आहे.

तुमची सावली पडली रे पडली, की तो बेडूक सुटतो. बुडी मारून नव्हे, पाण्याच्या पाठीवरून! खापरी टप्पे घेत जावी तसा चार-पाच उड्यांत पलीकडच्या भिंतीशी पोचतो आणि पुन्हा डोळे वर काढून तुमच्याकडेच बघत राहतो. त्याच्या मागच्या पायांना बोटांच्या टोकांपर्यंत पडदे आहेत. उडी संपली तरी ते पाण्यावरच रेटा देतात. नर जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा, मादी थोडी मोठी. आता तो ओरडतो. गळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन बुडबुडे फुगतात आणि कोरडी कटकट विहिरीत घुमते. पावसाळी बेडकांसारखं मृगाची वाट बघणं त्याच्या स्वभावात नाही. पाणी आहे तोवर त्याचा संसार चालूच.

थोडं पुढे सरका. 1799. दूर तमिळ किनाऱ्यावरच्या, डॅनिश लोकांच्या तरंगमबाडीहून गेलेल्या नमुन्यावरून श्नायडर नावाचा जर्मन पंडित या जातीचं वर्णन छापतो. पुढे तिचं शास्त्रीय नाव युफ्लिक्टिस सायनोफ्लिक्टिस असं स्थिरावतं. बीडच्या विहिरीला त्याचा पत्ताही नाही.

1972. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडताहेत. तळी आटली आहेत. तुम्ही आडाच्या तळाशी उतरता. गाळाच्या भेगेत, दगडाखालच्या ओलीत तो दबून बसला आहे. हा प्राणी रानात फार भटकणारा नव्हे. ओल संपली की तोही संपला. म्हणून मराठवाड्यात त्याला खरा आधार बारवांचा, आडांचा आणि पाझर तलावांचा. माणसानं स्वतःसाठी खणलं, त्यात याचंही भागलं.

आता वर या, आजच्या बीडमध्ये. शिवारात नवी विहीर कमी, बोअरच जास्त. साडेसहा इंचांच्या त्या भोकात पाणी असेल-नसेल, बेडकाला मात्र जागा नाही. गावातली जुनी बारव बुजवायचा ठराव येईल, तेव्हा ग्रामसभेत या बेडकासाठी एवढं बोलाच.