हवेची गाळणी नेमकी कुणासाठी?

अमेरिकेतल्या घरात फर्नेसच्या फिल्टरइतकी कंटाळवाणी वस्तू दुसरी नसेल. पुठ्ठ्याची चौकट, आत चुण्या घातलेलं पांढरं कापड, कडेला हवेची दिशा दाखवणारा बाण. तळघरात, जिथे कुणी सहसा फिरकत नाही, तिथे तो एका फटीत सरकवलेला असतो. फर्नेस म्हणजे हिवाळ्यात घर गरम ठेवणारी भट्टी. ती खोल्यांतली हवा आत ओढते, तापवते आणि पत्र्याच्या डक्टमधून परत खोल्यांत सोडते. त्या वाटेवर हा फिल्टर.

न्यू जर्सीतल्या माझ्या घराला 16×25×1 इंचाचा फिल्टर लागतो. जवळच्या दुकानात याच मापाचा एक फिल्टर दोन-तीन डॉलरला मिळतो आणि दुसरा वीस-बावीसला. महागड्यावर हसरं बाळ आणि शिंकणाऱ्या कुत्र्याचं चित्र असतं. दर महिन्याला तो बदलायचा म्हटलं, तर वर्षाचे अडीचशे डॉलर त्या फटीत गेले. स्वस्तवाला घेऊ का, असा प्रश्न पडतोच. पण त्याआधीचा प्रश्न असा, की ही गाळणी नेमकी कुणासाठी आहे? त्याचं उत्तर शोधायला शंभरेक वर्षं मागे जावं लागतं.

आधी यंत्र, मग माणूस

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी घरांच्या तळघरांत कोळशाच्या अवाढव्य भट्ट्या असत. त्यांतून चहूबाजूंना जाड नळ्या निघत, म्हणून लोक त्यांना ऑक्टोपस म्हणत. त्यांना पंखा नव्हता. गरम हवा हलकी म्हणून आपसूक वर जायची, थंड हवा खाली यायची. हा प्रवाह इतका दुबळा, की मध्ये गाळणी ठेवली तर हवाच अडली असती.

विजेचा ब्लोअर आला आणि चित्र पालटलं. आता हवेला जोर मिळाला, पण त्याचबरोबर ब्लोअर घरातली धूळ, केस, लोकर, सगळं ओढू लागला. पात्यांवर थर साचले, मोटारी तापू लागल्या. उपाय म्हणून गाळणी बसवली. म्हणजे घरगुती गाळणीचं पहिलं काम होतं यंत्राला जपणं. घरात राहणाऱ्यांच्या फुप्फुसांचा विचार त्यात फारसा नव्हता.

त्या काळातल्या काही गाळण्या धातूच्या जाळीच्या असत. त्यांना तेलाचा हात दिलेला असे, धूळ त्याला चिकटे. मळली की धुवायची, पुन्हा तेल लावायचं, पुन्हा बसवायची. आपल्याकडची चहाची गाळणी जशी वर्षानुवर्षं चालते, तसंच.

‘वापरा आणि फेका’ची सोय आली ती काचेमुळे. 1932 साली ओहायोतल्या ओवेन्स-इलिनॉय या काचकंपनीत डेल क्लाइस्ट हा तरुण संशोधक काचेच्या दोन विटा सांधायचा प्रयत्न करत होता. दाबाखालच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेच्या धारेवर आदळला आणि काचेचे बारीक तंतू उडाले. त्याचे वरिष्ठ गेम्स स्लेटर यांनी त्यातून काचतंतू बनवायची पद्धत बसवली. या काचेच्या लोकरीचा एक सुरुवातीचा उपयोग म्हणजे हवेच्या गाळण्या. पुढे 1938मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही स्वतंत्र कंपनी निघाली. काचतंतू इतका स्वस्त होता, की गाळणी धुण्याचे कष्ट घेण्यापेक्षा ती फेकणं परवडू लागलं. आजची दोन-तीन डॉलरची गाळणी ही त्याच घराण्यातली. तिच्यातून आरपार दिसतं. मोटार वाचवण्यापुरती ती ठीक आहे, बारीक धूर मात्र तिच्यातून आरामात जातो.

बॉम्बच्या सावलीत

फुप्फुसांसाठीची गाळणी आली ती युद्धातून. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांकडून हाती लागलेल्या गॅस मास्कमध्ये विलक्षण चांगला गाळणकागद सापडला. त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू होते. अमेरिकी लष्कराने तसा कागद बनवला. मग अणुबॉम्बच्या प्रकल्पात किरणोत्सारी कण अडवायला त्याच कागदाच्या मोठ्या गाळण्या तयार झाल्या. आज आपण ज्याला हेपा म्हणतो, त्याचं हे मूळ.

त्याच काळात नोबेलविजेते अर्व्हिंग लँगम्यूर यांनी गाळणीचं गणित मांडलं. आपल्याला गाळणं म्हणजे चाळण वाटते: भोकापेक्षा मोठं ते अडेल, लहान ते जाईल. आयुर्वेदातलं ‘वस्त्रगाळ’ चूर्ण असंच होतं. हवेच्या गाळणीचं तसं नाही. मोठा कण वेगात असतो, तो वळण घेऊ न शकल्याने तंतूवर आदळतो. अगदी चिमुकला कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतो आणि कुठेतरी तंतूला चिकटतो. सुटतो तो मधला, साधारण 0.3 मायक्रॉनचा. म्हणून हेपाची परीक्षा याच मापावर होते: 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडले पाहिजेत.

मग घरातल्या भट्टीत हेपाच का नको? कारण तो कागद इतका दाट, की साध्या ब्लोअरचा त्यापुढे दम निघतो.

कंगवा आणि कागदाचे कपटे

1973च्या तेलसंकटानंतर इंधन वाचवायला अमेरिकी घरांच्या फटी बुजवल्या गेल्या. उष्णता आत राहिली, पण धूर, बुरशी आणि धूळही आतच राहिली. घरातल्या हवेची काळजी वाटू लागली आणि गाळणीच्या खोक्यावर बाळ अवतरलं.

मधला मार्ग सापडला इलेक्ट्रेटमध्ये. शाळेत केसांवर घासलेल्या कंगव्याने कागदाचे कपटे उचलले असतील, तेच तत्त्व. प्लॅस्टिकच्या तंतूंवर विद्युतभार कायमचा बसवायचा. मग तंतू विरळ असले तरी बारीक कण त्यांच्याकडे खेचले जातात आणि हवाही वाहती राहते. एन-95 मास्क याच तत्त्वावर चालतो.

गाळण्यांचे प्रकार वाढले, दावेही वाढले. 1999 साली ॲशरे या अभियंत्यांच्या संस्थेने मर्व्ह ही मोजपट्टी आणली. मर्व्ह 8 परागकणांसारख्या जाड धुळीला बरी. मर्व्ह 13ला 0.3 ते 1 मायक्रॉनमधले किमान 50 टक्के कण अडवावे लागतात. गंमत म्हणजे त्यानंतरही थ्रीएमची एमपीआर आणि होम डेपोची एफपीआर अशा स्वतःच्या मोजपट्ट्या आहेतच. तिन्हींचे आकडे वेगळे, त्यामुळे दुकानात उभं राहून तुलना करणं अवघड होतं. मी फक्त मर्व्हचा आकडा बघतो.

पुठ्ठा, पंखा, चिकटपट्टी

जून 2023मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्क-न्यू जर्सीवर उतरला. आकाश नारिंगी झालं. माझी आई तेव्हा पुण्याहून आली होती, तिला दमा आहे. वणव्याच्या धुराचे बहुतेक कण एक मायक्रॉनहून लहान असतात, म्हणजे काचतंतूच्या गाळणीला ते दिसतही नाहीत. त्या आठवड्यात मी आईच्या खोलीसाठी कॉर्सी-रोझेंथाल खोकं बनवलं.

हे खोकं 2020च्या ऑगस्टमधलं, कोविडच्या ऐन काळातलं. प्राध्यापक रिचर्ड कॉर्सी यांची कल्पना, टेक्सासमधले गाळणीउत्पादक जिम रोझेंथाल यांची बांधणी. मर्व्ह 13च्या चार चौकोनी गाळण्या भिंतींसारख्या उभ्या करायच्या, तळाला पुठ्ठा, डोक्यावर चौकोनी पंखा, सांधे चिकटपट्टीने बंद. बाजारातलं यंत्र कित्येकशे डॉलरला, हे शंभरच्या आत. त्याचं बळ क्षेत्रफळात आहे. माझ्या भट्टीतल्या गाळणीचं तोंड 400 चौरस इंच. 20×20च्या चार गाळण्यांचं मिळून 1600. त्यामुळे हवा सावकाश जाते, अडथळा कमी होतो, धूळ चौघींत वाटली जाते. खोकं रात्रंदिवस घुमत होतं आणि आई त्या खोलीत शांत झोपत होती.

बचत कुठे आहे

हा इतिहास कळल्यावर पैशाचं गणित सोपं होतं. फक्त भट्टी जपायची असेल, तर मर्व्ह 8 पुरते. घरात दमेकरी असेल, तर मर्व्ह 13 घ्यावी, पण भट्टीला ती झेपते का हे तंत्रज्ञाला आधी विचारून. मी एकेक घेत नाही, सहाचा गठ्ठा घेतो. त्यात नग बाराला पडतो.

महिना संपला म्हणून गाळणी फेकायची गरज नसते. दर महिन्याला काढून उजेडात धरायची. करडी झाली, चुण्या भरल्या की बदलायची. भट्टी आणि एसी दोन्ही बंद असलेल्या महिन्यांत ती जवळपास मळतच नाही. माझ्याकडे वर्षाला चार लागतात, म्हणजे अडीचशेऐवजी 48 डॉलर. चार इंच जाडीच्या गाळणीची जागा करून घेतली, तर चुण्या खोल असल्याने ती आणखी टिकते. आणि चौकटीभोवती फट राहू द्यायची नाही, कारण हवा नेहमी सोपी वाट धरते.

एका ठिकाणी मात्र काटकसर अंगाशी येते. चुण्यांची गाळणी धुवून पुन्हा वापरायची नाही. पाण्या-साबणाने तंतूंवरचा भार जातो, गाळणी पांढरीशुभ्र दिसते आणि काम करत नाही.

धुतलेलं, जुनं कापड चांगलं गाळतं हा आपला अनुभव पाण्याच्या बाबतीत खरा आहे. रिटा कॉलवेल यांच्या चमूने बांगलादेशात जुन्या सुती साडीची चार पदरी घडी करून पाणी गाळायला शिकवलं. 2003मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात कॉलऱ्याचं प्रमाण 48 टक्क्यांनी घटलेलं आढळलं. नव्यापेक्षा जुनी साडी सरस ठरली, कारण वापराने धागे पिंजून भोकं लहान झाली होती. तिथे गरीब घराची काटकसर आणि जीव वाचवणं एकाच कापडात बसलं. पण साडी चाळणीसारखी गाळते आणि इलेक्ट्रेट कंगव्यासारखी. दोन्हीकडे पैसे वाचतात, मात्र आपली गाळणी कोणत्या जातीची आहे हे आधी माहीत असावं लागतं.