प्रमाण मेंदू आणि ज्याचा त्याचा मेंदू

भाषेच्या अध्यापकाने मेंदूच्या प्रतिमांवर बोलावे, हा आगाऊपणा वाटेल. पण प्रश्न आमच्याच घरचा आहे. निपाणीकडची बोली पुणेरी प्रमाणभाषेत 'शुद्ध' करून नोंदवली, तर आशय उरतो. कानडीच्या शेजाराने आलेला हेल हरवतो. मेंदूच्या संशोधनातही काहीसे असेच घडत आले.

दोन मेंदूंच्या वळ्या कधीच सारख्या नसतात. म्हणून तुलनेसाठी एक प्रमाण मेंदू ठरवून इतरांच्या प्रतिमा ताणून वा आक्रसून त्यावर बसवण्याची रीत पडली. 1988 साली तालैराख आणि तुर्नू यांनी प्रसिद्ध केलेला नकाशा साठ वर्षांच्या एका फ्रेंच स्त्रीच्या मेंदूवर बेतलेला होता. पुढे माँट्रियल येथे 305 निरोगी व्यक्तींच्या प्रतिमांची सरासरी काढली गेली. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने 2019 मध्ये 100 भारतीय तरुणांच्या प्रतिमांवरून नवा नकाशा सिद्ध केला. तो पाश्चात्त्य नकाशाहून आकारमानाने लहान निघाला. (याचा बुद्धीशी संबंध जोडू नये, हे सुज्ञांस सांगणे न लगे.)

परंतु सरासरी देशी झाली तरी ती सरासरीच. दुसरा मार्ग असा, की प्रतिमा मुळीच न ताणता प्रत्येकाचे विश्लेषण त्याच्या स्वतःच्या मेंदूतच करावे. हवा तर नकाशाच उलट त्याच्यावर उतरवावा आणि शेवटी मिळालेल्या मोजमापांची तेवढी तुलना करावी. काम कष्टाचे, पण माणूस जागेवर राहतो.

2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 45 भाषांच्या भाषकांना 'ॲलिस इन वंडरलँड'मधील उतारे आपापल्या भाषेत ऐकवले गेले. त्यांत मराठीही होती. भाषेमागे बहुधा दोनच व्यक्ती. तेव्हा भाषेचे क्षेत्र ज्याच्या त्याच्या मेंदूत शोधण्यावाचून गत्यंतर नव्हते.

शस्त्रक्रियेच्या मेजावर हा भेद जिवावरचा ठरतो. ओजेमन आणि व्हिटेकर यांनी 1978 मध्ये दोन द्विभाषिक रुग्णांच्या मेंदूवर सौम्य विद्युत्प्रवाह सोडून पाहिला, तेव्हा काही ठिकाणी एकच भाषा अडखळली, दुसरी सुरळीत चालली. 1989 मध्ये ओजेमन यांनी 117 रुग्णांचा वृत्तान्त दिला. भाषेची ठिकाणे माणसागणिक निराळी आढळली. घरी मराठी आणि गल्लीत कन्नड बोलणाऱ्या बेळगावच्या मुलावर अशी वेळ आलीच, तर शल्यविशारदाला त्याच मुलाचा नकाशा लागेल, तोही दोन्ही भाषांत तपासलेला.