तळटीप: ‘गाण्याचे बोलपट’

२३. गाण्याचे बोलपट : लेखकाच्या बीडच्या घरातील ‘काळ्यापांढऱ्या तबकड्यां’च्या उल्लेखासंदर्भात. येथे प्रामुख्याने प्रभात फिल्म कंपनीचे (स्थापना : कोल्हापूर, १९२९, १९३३पासून पुणे) चित्रपट अभिप्रेत आहेत. हॉलिवूडच्या ‘टॉप हॅट’सारख्या (१९३५) संगीतपटांचा डोलारा नृत्यावर उभा होता, आपल्या बोलपटांनी संगीत नाटक आणि कीर्तन यांचा वारसा घेतला. ‘अयोध्येचा राजा’त (१९३२) गोविंदराव टेंबे व दुर्गा खोटे यांनी स्वतःच गाऊन अभिनय केला, पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. ‘संत तुकाराम’मधील (१९३६) शांताराम आठवले यांचे एक गीत आजही अनेकजण तुकोबांचाच अभंग समजतात. गीतकाराला याहून मोठी पावती कोणती?

घरात चित्रपट जपून ठेवणे सामान्य कुटुंबाला शक्य झाले ते व्हिडिओ कॅसेट आणि नंतर व्हीसीडी आल्यावर. व्हीसीडीच्या एका तबकडीत साधारण सव्वा तासाचेच चित्रण मावते. म्हणून ‘संत तुकाराम’सारखा दोन तासांहून मोठा चित्रपट दोन तबकड्यांत विभागावा लागे, लेखक म्हणतो ती ‘मधली उठाठेव’ म्हणजे ही तबकडी बदलणे. घरातले असे संच जपायलाच हवेत. त्यांच्यामुळेच आजीचे ऐकणे नातवापर्यंत पोहोचले. — संपा.