आंबागड

'''आंबागड''' हा भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील एक गिरिदुर्ग आहे. तुमसर शहरापासून सुमारे १३ किलोमीटरवर, सातपुड्याच्या रांगेतील टेकडीवर तो उभा आहे.

== इतिहास ==
देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा सुभेदार राजाखान पठाण याने इ.स. १७०० च्या सुमारास हा किल्ला बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग म्हणून उपयोग केला. कैद्यांना गडावरील विहिरीचे दूषित पाणी पिण्यास भाग पाडले जाई व त्यातच त्यांचा अंत होई, अशी आख्यायिका आहे.

== पर्यटन ==
मुंबई–नागपूर–हावडा लोहमार्गावरील तुमसर रोड जंक्शन हे जवळचे रेल्वेस्थानक देव्हाडी येथे आहे. तुमसरला मुक्काम करून गड आणि महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेले गायमुख ही दोन्ही ठिकाणे पाहता येतात. गडावर जाताना पिण्याचे पाणी सोबत न्यावे.