साडेछत्तीसचा आकडा

अमेरिकेच्या नकाशात ओक्लाहोमा हे राज्य दांडा असलेल्या तव्यासारखं दिसतं. दांडा सुमारे ३४ मैल रुंद, १६७ मैल लांब. त्याची खालची कड म्हणजे उत्तर अक्षांश ३६ अंश ३० मिनिटं. आपल्याकडे ज्यांचं पटत नाही त्यांच्यात छत्तीसचा आकडा आहे म्हणतात, कारण तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतात. अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण भागांत खरोखरच साडेछत्तीसचा आकडा होता.

ही रेघ काढली इंग्लंडच्या राजाने. दुसऱ्या चार्ल्सने १६६३ मध्ये आपल्या मर्जीतल्या आठ जणांना कॅरोलायनाचा मुलूख बहाल केला, तेव्हा सनदेत उत्तर हद्द ३६ अंश होती. दोन वर्षांनी नवी सनद निघाली आणि हद्द अर्धा अंश वर सरकली. ती जमिनीवर उतरायला १७२८ साल उजाडलं. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनाचे मोजणीदार डिस्मल स्वॅम्पच्या दलदलीतून साखळी ओढत गेले. पुढे पश्चिमेकडच्या मोजणीत ती काही मैल उत्तरेला कलली, म्हणून केंटकी-टेनेसीची सीमा आजही नेमकी साडेछत्तीसवर नाही. तोवर ही रेघ शेताच्या बांधासारखीच होती. माझं कुठवर, तुझं कुठवर, एवढंच ती सांगायची.

१८१९ च्या फेब्रुवारीत तिचं नशीब बदललं. १३ तारखेला न्यूयॉर्कचे प्रतिनिधी जेम्स टॉलमॅज यांनी दुरुस्ती मांडली: मिसूरीला राज्याचा दर्जा द्यायचा तर तिथे नवे गुलाम आणता येणार नाहीत, आणि पुढे जन्मणारी गुलामांची मुलं पंचविसाव्या वर्षी मुक्त होतील. नऊच दिवसांनी, त्याच वॉशिंग्टनमध्ये, परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी स्पेनशी करार केला. फ्लोरिडा मिळालं, आणि ४२ व्या अक्षांशावरून देशाची हद्द थेट पॅसिफिकला नेऊन भिडवली. एका रेघेने देश महासागरापर्यंत पोचत होता, तेव्हाच दुसरी त्याला आडवी चिरायला निघाली होती. हे दोन्ही एकाच महिन्यात घडलं, याचं मला अजून नवल वाटतं.

टॉलमॅजची दुरुस्ती सिनेटने फेटाळली. वर्षअखेरीस अलाबामा संघात आलं आणि गुलामगिरी असलेली अकरा व नसलेली अकरा राज्यं अशी बरोबरी झाली. मग सिनेटमध्ये तोड निघाली. मेन राज्य मुक्त म्हणून घ्यावं, मिसूरीला गुलामगिरीसह घ्यावं, आणि, इलिनॉयचे सिनेटर जेसी थॉमस यांच्या सूचनेनुसार, फ्रान्सकडून विकत घेतलेल्या उरलेल्या मुलखात साडेछत्तीसच्या उत्तरेला गुलामगिरी कायमची बंद असावी. त्याच कलमात पळून आलेल्या गुलामाला मालकाने परत नेण्याची मुभाही होती. मिसूरीवरची गुलामबंदी प्रतिनिधिगृहात अवघ्या तीन मतांनी गळाली, ९० विरुद्ध ८७. रेघेला मात्र १३४ मतं पडली, विरोधात ४२.

सहीपूर्वी अध्यक्ष मन्रो यांनी मंत्र्यांना विचारलं: 'कायमची' म्हणजे तो मुलूख पुढे राज्य झाल्यावरही का? मतं जुळेनात. तेव्हा प्रश्नच पातळ केला गेला: हे कलम घटनेला धरून आहे का? सगळ्यांनी हो म्हटलं आणि ६ मार्च १८२० रोजी सही झाली. माझ्या मते भेग तिथेच राहिली. सत्त्याहत्तर वर्षांच्या माजी अध्यक्ष जेफरसननी, जे स्वतः जन्मभर गुलाम बाळगून होते, पत्रात लिहिलं की अशी रेघ एकदा उमटली की पुसली जात नाही, प्रत्येक नव्या संतापाने ती खोल होत जाते.

झालंही तसंच. १८५० मध्ये गुलामगिरी असलेल्या टेक्ससने रेघेच्या वरची जमीन सोडली. त्या सौद्यात त्याला एक कोटी डॉलर मिळाले. १८५४ मध्ये कॅन्ससची खालची हद्द ३७ अंशांवर ठरली. मधला अर्धा अंश कोणाचाच नव्हता. तोच ओक्लाहोमाचा दांडा. लोक त्याला 'नो मॅन्स लँड' म्हणत आणि १८९० पर्यंत तो तसाच पडून होता. कॅन्ससची हद्द आखणाऱ्या त्याच कायद्याने ती 'कायमची' बंदीही उठवली. ती टिकली चौतीस वर्षं.

गुलामगिरीतल्या, पण रेघेच्या उत्तरेला काही काळ राहिलेल्या ड्रेड स्कॉट यांनी त्याच आधारावर स्वातंत्र्याचा दावा लावला होता. ६ मार्च १८५७ रोजी, मन्रोंच्या सहीला बरोबर सदतीस वर्षं झाली त्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: अशी बंदी घालण्याचा काँग्रेसला अधिकारच नव्हता, आणि स्कॉट कुटुंब गुलामच. त्यांची थोरली मुलगी एलायझा तेव्हा सुमारे अठरा वर्षांची होती. तिचा जन्म कुठे झाला, ते खटल्याच्या कागदांत नोंदलेलं आहे: मिसिसिपी नदीत 'जिप्सी' नावाच्या आगबोटीवर, मिसूरीच्या उत्तर सीमेच्या उत्तरेला.