ॲन्युरिझममध्ये ‘न्यूरो’ नाही

कुणाच्या अहवालात ‘ॲन्युरिझम’ आला की घरी त्याचे भाषांतर लगेच होते: नसांची कमजोरी. थोडे अधिक शिकलेले व्युत्पत्तीही सांगतात. ‘अ’ म्हणजे नाही, ‘न्यूरो’ म्हणजे नस. नसेत जोर उरला नाही, तो ॲन्युरिझम.

हा पूर्वपक्ष वरवर पटतो. मेंदूतला ॲन्युरिझम बहुधा न्यूरोसर्जन हाताळतो, आणि आपल्या बोलण्यात मज्जातंतू, रक्तवाहिनी, कंडरा हे सगळे ‘नस’च असते. तरी ही फोड चुकीची आहे. शब्द ग्रीक ‘अना’ आणि ‘युरिस’ यांपासून झाला. त्यातला ‘न’ पहिल्या पदाचा, आणि युरिस म्हणजे रुंद. त्याचा सगोत्र शब्द आपल्या वेदांत आहे: ‘उरु’. विशाल पावले टाकणारा विष्णू उरुक्रम, त्यातला उरु. ‘न्यूरॉन’चे गोत्र वेगळे, तो संस्कृत ‘स्नावन्’च्या घरचा आणि ग्रीकांकडेही आधी त्याचा अर्थ कंडरा असाच होता.

वापरही हेच सांगतो. दुसऱ्या शतकात गॅलन या वैद्याने धमनीला जखम झाल्यावर येणाऱ्या ॲन्युरिझमचे, म्हणजे धमनीच्या फुगवट्याचे, वर्णन केले. अँटिलस हा शल्यवैद्य फुगवट्याच्या वर आणि खाली धमनी बांधून मग फुगवटा उघडत असे. मज्जातंतूंचा तिथे प्रश्नच नव्हता.

‘कमजोरी’ही शब्दार्थ नव्हे. वाहिनीची भिंत दुबळी होणे हे कारण. शब्द सांगतो तो परिणाम, रुंदावणे. हा भेद भोसरी-चाकणच्या प्रेशर व्हेसल बनवणाऱ्यांना पटकन कळेल. पातळ भिंतीच्या नळकांडीतला हूप स्ट्रेस (भिंतीतला घेराच्या दिशेचा ताण) म्हणजे दाब गुणिले व्यास, भागिले जाडीची दुप्पट. व्यास वाढला आणि भिंत पातळ झाली की दाब तोच असूनही ताण वाढतो. ताणाने भिंत आणखी पसरते. म्हणून डॉक्टर रुंदी मोजतात. पोटातली महाधमनी साधारण 2 सेंटीमीटर असते, 3 झाली की तिला ॲन्युरिझम म्हणतात, आणि पुरुषांत 5.5 च्या आसपास शस्त्रक्रियेचा विचार होतो. ‘धमनीविस्फार’ हा आपला शब्द याच अर्थाचा आहे. मला तो मूळ शब्दाइतकाच नेमका वाटतो.

भिंत दुबळी होण्याची कारणे मात्र बदलत गेली. छातीतल्या महाधमनीच्या विस्फाराचे एक मोठे कारण पूर्वी सिफिलिस होते. पेनिसिलिनने ते मागे हटवले. आज धूम्रपान आणि वाढलेला रक्तदाब पुढे आहेत.

चुकीच्या व्युत्पत्तीचा मला राग येतो तो तिच्या परिणामांमुळे. विस्फाराला ‘नसांची कमजोरी’ म्हटले की माणूस ताकदीची इंजेक्शने घेतो, आणि ती रुंदावलेली धमनी मिलिमीटरभरही आवळत नाहीत. मेंदूतला फुगवटा फुटून क्षणात असह्य डोके दुखू लागले, तर ‘नस चढली’ म्हणून मान चोळली जाते. त्या रोग्याला ताबडतोब सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्यायला हवे.